हरेश्वरच्या पोटावरची पट्टी

हरेश्वर, तुला मी खांदा दिला नाही. तुझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा, एका बोटीवर तुझ्याबरोबर उभा जन्म काढलेला माणूस, आणि तुला उचलायची वेळ आली तेव्हा दोन पावलं मागे सरकून उभा राहिलो. सगळ्या आळीने बघितलं. तुझ्या चुलतभावाने तर सरळ विचारलं, गजानन, पुढे होत नाहीस? मी म्हटलं, कंबर धरलीय. त्याने माझ्या कमरेकडे बघितलं, मग तोंडाकडे बघितलं, आणि माझ्या जागेवर दुसऱ्याला हाक मारली.

खरं कारण तुला ठाऊक होतं. लुंगीच्या आत मांडीला लघवीची पिशवी बांधलेली होती आणि नळी आत बसवलेली. डॉक्टरने बजावलं होतं, ओझं उचलायचं नाही, ऑपरेशन होईपर्यंत सांभाळून राहायचं. हे त्या गर्दीत मी कोणाला सांगणार होतो? बाया रडत होत्या, तुझी बायको लक्षी तुझ्या पायाशी बसली होती, आणि मी काय म्हणणार, माझी लघवी अडलीय म्हणून? किनाऱ्यापर्यंत तुझ्या मागून चालत गेलो, एका हाताने लुंगी धरून. वाळूत पाय रुतला की आत नळी ओढली जायची आणि जीव घाबरा व्हायचा. तुझ्यासाठी रडत होतो की स्वतःसाठी घाबरत होतो, माझं मलाच कळत नव्हतं.

तू असतास तर हसला असतास. म्हणाला असतास, गजा, तुला आता पट्टी बांधायला पायजे.

त्या पट्टीबद्दलच मला बोलायचंय. बाराव्याला मच्छीमार सोसायटीची माणसं म्हणाली, हरेश्वर तांडेलाबद्दल दोन शब्द बोला. इंजिन चालवणाऱ्या माणसाला असं कोणी सांगू नये. आयुष्यभर इंजिनाच्या धडधडीवर ओरडून बोललो, हळू बोलायची जिभेला सवय नाही. मी मानेनेच नको म्हटलं. आता घरात बसून एकट्या तुझ्याशी बोलतोय. मला मुंबईला न्यायचं ठरलंय, तुझं झालं तेच ऑपरेशन माझं करायचंय, आणि मी घाबरलोय. तू बाहेर बाकावर बसलेला नसणार म्हणून जास्त घाबरलोय.

तुझं पहिल्यांदा अडलं ते बोटीवर. त्याच्या आधी बराच काळ तुझं सुरू होतं. बोटीच्या काठाला जाऊन उभा राहायचास तो उभाच. आम्ही चिडवायचो, तांडेल दर्याला एवढं काय सांगतोय म्हणून. तूही शिव्या घालून हसायचास. मग त्या दिवशी सकाळपासून एक थेंब नाही. दुपारपर्यंत पोट फुगलं, बेंबीखाली हात लावला तर नुसतं टणक. तू जाळ्याच्या ढिगावर पडून कुशी बदलत होतास आणि तोंडातून शब्द नाही. तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या, तुझा आवाज बंद झाला तर बोटीवर कोणाला काही सुचत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. इंजिन जेवढं पळेल तेवढं पळवलं.

पालघरच्या डॉक्टरने नळी घातली आणि भांडं भरत गेलं. तू डोळे मिटलेस. तुझ्या चेहऱ्यावर त्या वेळी जे सुख बघितलं ते तुझ्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. हे मी लक्षीसमोर बोललो आणि नंतर कितीतरी दिवस तिने मला चहा विचारला नाही.

डॉक्टर म्हणाला, लघवीच्या वाटेवरची गाठ वाढलीय, वय झालं की पुरुषांची वाढते, मुंबईला जाऊन ऑपरेशन करून घ्या. ऑपरेशन म्हटल्यावर तुझा रंग उतरला. दर्यावर वादळात मी तुझा चेहरा बघितलेला आहे, तेव्हाही तो असा पडला नव्हता. मला ठाऊक होतं तुझ्या डोक्यात काय आलं. तुझ्या मोठ्या काकाचं हेच दुखणं होतं आणि त्याचं पोट चिरलं होतं. त्या जखमेतून लघवी झिरपत राहायची. लहानपणी आईबरोबर तू त्याच्या चादरी धुवायला जायचास, तो वास नाकातून गेला नाही असं सांगायचास. काका त्या खाटेवरून उठलाच नाही.

मुंबईच्या डॉक्टरने मात्र वेगळंच सांगितलं. पोटाला हात लावायचा नाही. लघवीच्या वाटेनेच बारीक दुर्बीण आत घालायची, डॉक्टर तिला डोळा लावून बघणार आणि गाठ आतल्या आत खरवडून काढणार. वरून चिरणं नाही, टाका नाही, चार-सहा दिवसांत घरी. मी खूश झालो. तू दवाखान्याच्या जिन्यात माझं मनगट धरलंस आणि विचारलंस, गजा, ह्यो आपल्याला फसवत तर नाय?

तिथे आपला जो वाद सुरू झाला तो अजून संपलेला नाही. तुझं म्हणणं, सुरी दिसली की माणूस डोळे मिटून घेतो, ही दिसतच नाय तर डोळे कधी मिटू? मी म्हणायचो, तुला कशाला दिसायला हवं, डॉक्टरला दिसतं ना. तू म्हणायचास, आत त्याने काय कापलं, किती ठेवलं, कोणी बघितलं? मी सांगितलं की इंजिनाची नळी तुंबली तर मी इंजिन फोडून बघत नाही, तार घालून साफ करतो. तू म्हणालास, मी इंजिन नाय. 

तुला आत नेलं तेव्हा मी आणि लक्षी बाहेर बाकावर बसलो होतो. लक्षी पदराचं टोक पिळत होती, उलगडत होती, पुन्हा पिळत होती. आत काय झालं ते तू फार दिवसांनी सांगितलंस, तेही मला एकट्याला. पाठीत सुई दिली, कमरेखालचं सगळं मेलं, पण वरचा माणूस टक्क जागा. पायांवर पडदा. पडद्याच्या पलीकडे माणसं बोलतात आणि सारखा पाण्याचा आवाज. बाटल्यांतून पाणी आत सोडत होते आणि ते खाली बादलीत पडत होतं. ते धुण्याचं पाणी आहे हे तुला कोणी सांगितलंच नव्हतं. तू पडल्या पडल्या ऐकत राहिलास आणि तुला वाटलं, हे सगळं आपलं रक्त चाललंय. जन्मभर बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा माणूस तू, किती गळालं म्हणजे काय होतं याचा हिशेब तुझ्या डोक्यात पक्का. तू म्हणालास, गजा, मी मनातल्या मनात लक्षीचा निरोप घेतलेला.  तोच आवाज आता मला ऐकायचाय.

घरी आलास तेव्हा सगळी आळी लोटली. आपल्याकडची रीत तुला सांगायला नको, पण सांगतो, कारण सगळा घोटाळा तिथेच झाला. ऑपरेशन झालेला माणूस घरी आला की लोक नारळ-साखर घेऊन बघायला येतात आणि तो सदरा वर करून टाके दाखवतो. टाके जेवढे जास्त तेवढी म्हाताऱ्यांची हळहळ जास्त. टाके आहेत तोवर त्याला बोटीच्या दोरीला कोणी हात लावू देत नाही, त्याचं काम दुसरा करतो, त्याच्या वाट्याची मासळी घरपोच जाते. मग टाके काढून आला की बोटीच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकावर, त्याच्या नावाने नारळ फोडायचा आणि माणूस कामाला लागला. कोणालाही विचारा, आपल्याकडे दुखण्याचं माप हेच.

पहिल्या दिवशी आली ती काशीमावशी. साखरेची पुडी तुझ्या हातात दिली आणि म्हणाली, दाखव रे. तू बनियन वर केलंस. पोट आपलं जसं होतं तसं, गुळगुळीत. मावशीने जवळ येऊन बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि विचारलं, मग कापलं कुठे? आता त्या बाईला तू काय सांगणार होतास? तू खाली बघत बसलास. मी खोकत खोकत बाहेर निघून गेलो. संध्याकाळपर्यंत आळीत झालं की तांडेल मुंबईला आराम करून आला. वाईट मनाने कोणी म्हणालं नाही, पण म्हणाले.

डॉक्टरने महिना-दीड महिना ओझं उचलू नका असं स्पष्ट सांगितलं होतं. आत जखम ओली आहे, भरपूर पाणी प्या, ताण दिला तर रक्त येईल. तुला ते ऐकू आलं होतं, मलाही आलं होतं. पण पापलेटचे दिवस होते, बोट तांडेलावाचून जात होती आणि किनाऱ्यावरून तिच्याकडे बघत बसलेल्या धडधाकट माणसाला आपली आळी काय नजरेने बघते ते तुला सहन होईना. तुझ्या बहिणीने, हिराने, विचारलं, डॉक्टरने सांगितलेले दिवस भरले का? तू तिच्यावर खेकसलास, लोकांचे टाके सुटायची वाट बघतात, माझं काय सुटायची वाट बघू? आणि आलास बोटीवर.

तो दिवस मी पुन्हा पुन्हा बघतो. ऊन चढलं होतं. जाळं भरून आलेलं, तू नेहमीसारखा पुढे होऊन ओढत होतास. मध्येच दोरी सोडलीस आणि काठाला गेलास. मग मला हाक मारलीस, मोठ्याने नाही. मी आलो तर तू खाली पाण्याकडे बघत होतास. मी चहाचा पांढरा मग पुढे केला, म्हटलं यात कर. मगात कोकमाच्या आगळासारखं लाल उतरलं आणि त्यात काळपट गुठळ्या.

 मुंबईच्या वॉर्डातल्या डॉक्टरचं एक वाक्य माझ्या कानात राहिलं होतं. रक्त दिसलं तर पाणी पीत राहायचं, लघवी वाहती ठेवायची, गुठळी अडकली की पुन्हा बंद. मी बोट किनाऱ्याकडे वळवली, इंजिनाचा दांडा दुसऱ्याच्या हातात दिला आणि पिण्याच्या पाण्याच्या पिंपाजवळ तुला बसवलं. मासवणकडचा रघू, आपला खलाशी, त्याने स्वतःसाठी भरलेला तांब्या तोंडाला लावलेला होता. तो त्याने तसाच खाली घेतला आणि तुझ्यापुढे धरला. त्यानंतर बोटीवरच्या कोणीही पाण्याला हात लावला नाही. डोक्यावर ऊन, सगळे जाळं ओढून घामाघूम झालेले, आणि पिंपातलं सगळं पाणी एकट्या तुझ्या पोटात. रघू दर्याच्या पाण्याने चूळ भरायचा आणि थुंकायचा.

तू प्यायचास, उठायचास, मगात करायचास. आम्ही सगळे त्या मगात वाकून बघायचो. रंग जरा फिका झाला की कोणीतरी हळूच म्हणायचं, हाय, हाय, बरा हाय. पुन्हा लाल झाला की रघू पुढचा तांब्या भरायचा. आपल्या सातपाटीचा किनारा दिसायला लागला तेव्हा तू तो मग हातात घेऊन उभा राहिलास आणि काहीच आलं नाही. पुन्हा प्रयत्न केलास, काही नाही. पोट परत वर यायला लागलं होतं. तू खाली बसलास, माझा हात घट्ट धरलास आणि म्हणालास,

"गजा, मला भ्या वाटतंय रे."

मी म्हटलं, "पाणी पी."

 बंद पडलेल्या माणसाला आणखी पाणी पाजण्यात काय अर्थ होता, पण तोंडात तेवढंच होतं. तूही शहाण्यासारखा एक घोट घेतलास. किनारा जवळ येत नव्हता, मी नजरेने ओढत होतो.

सातपाटीच्या धक्क्याला बोट लावली, बर्फाच्या टेम्पोत तुला आडवा घातला आणि पालघर गाठलं. डॉक्टरने जाड नळी घातली आणि मोठ्या सिरिंजने आत पाणी मारून मारून एकेक गुठळी बाहेर काढली. तू दात आवळून पडला होतास. वाहायला लागल्यावर डॉक्टरला बोलायला उसंत मिळाली. तो तुझ्यावर जाम भडकला, बोटीवर जायला कोणी सांगितलं म्हणाला. तू डोळे न उघडता म्हणालास, "टाके नव्हते."  डॉक्टरला त्यातलं ओ की ठो कळलं नाही.

हिराला मात्र कळलं. माझी बायको म्हणून नाही सांगत, पण तुझ्या बहिणीचं डोकं तुझ्यापेक्षा चालतं. तुला घरी आणायच्या आधी तिने पालघरच्या मेडिकलमधून रुंद पांढरी पट्टी आणली. घरात पाऊल टाकलंस तेव्हा तुला खाटेवर बसवून बेंबीखालून ती पट्टी गुंडाळायला लागली. वर हळदीचं बोट लावलं, जरा पिवळं दिसावं म्हणून. तू उसळलास. मी तांडेल हाय, नाटकवाला नाय, म्हणालास. हिरा हात न थांबवता म्हणाली,

"तुझं आत कापलंय, ते दिसत नाय म्हणून मी बाहेर बांधते. यात खोटं काय हाय?"

तू माझ्याकडे बघितलंस. मी छताकडे बघितलं. बांधून झालं.

आणि मग काय थाट तुझा! काशीमावशी आली, पट्टी बघितली आणि तोंडावर हात ठेवून म्हणाली, बया, केवढं कापलं. आळीतल्या प्रत्येक घरातून कालवण यायला लागलं. तू नुसता खाटेवरून उठलास तरी चार माणसं धावायची. मावशीला एकदा पट्टीखाली बघायची फार इच्छा झाली, तेव्हा तू सांगितलंस की नवस बोललोय, टाके सुटेपर्यंत उघडायचं नाही. तिने लगेच हात जोडले. दिवस भरल्यावर डॉक्टरने जा म्हटलं, आपण घरी येऊन पट्टी सोडली आणि नाळेवर तुझ्या नावाने नारळ फोडला. फोडला मी. टाके नसलेल्या माणसाचे टाके सुटले म्हणून सगळ्या आळीने खोबरं खाल्लं. तू माझ्या कानात म्हणालास, गजा, तुझी पाळी येईल तेव्हा नारळ मी फोडणार. मी म्हटलं, माझी पाळी कशाला येते.

ती पट्टी लक्षीने धुऊन घडी घालून पेटीत ठेवली. पुढे आळीत कोणाचा मुतखडा दुर्बिणीने काढला, कोणाची गाठ काढली, की घरच्या बाया लाजत लाजत लक्षीच्या दाराशी यायच्या. आता तर सगळ्यांना ठाऊक झालं होतं की पट्टीखाली काही नसतं. काशीमावशीला पण. तरी पट्टी बांधली की माणसाला आराम मिळतो, कोणी दोरीला हात लावू देत नाही, हे सगळ्यांनी मानून टाकलं. लक्षी पट्टी द्यायची आणि प्रत्येकाला एकच सांगायची, परत आणून द्या. आणि माणसं परत आणून द्यायची, स्वच्छ धुऊन, वर एखादा बोंबील-पापलेट ठेवून. एकदाच ती दुसऱ्याच्या हातून आली, तुला आठवतं. शेजारच्या आळीतल्या त्या म्हाताऱ्याचं ऑपरेशन झालं खरं, पण त्याच्या हृदयाला ते झेपलं नाही. त्याच्या पोराने पट्टी जशी नेली होती तशी घडी न मोडता आणून लक्षीच्या हातात ठेवली आणि गेला. मी तेव्हा तुमच्या ओटीवर बसलो होतो. ती घडी माझ्या डोळ्यापुढून जात नाही.

माझं अडलं ते बोईसरजवळच्या सरावलीला, पोराच्या खोलीवर. तो तिथे राहतो, तारापूरच्या कारखान्यात पाळी करतो. बोईसरच्या दवाखान्यात नळी घालणारा कंपाउंडर म्हणाला, चाचा, ढीला छोड़ो, कुछ नहीं होता. नळी त्याच्या आत जायची नव्हती, त्याचं काय जातंय म्हणायला. तू दुसऱ्याच दिवशी आलास, पिशवीत मासळी आणि तोंडात शिव्या. खुर्ची ओढून बसलास आणि पहिला प्रश्न विचारलास, कधी जातोस?

मी म्हटलं, हंगाम संपू दे. तू भडकलास. नळी घालून इंजिन चालवणार काय, असं विचारलंस. मी म्हटलं, मला आत काय करतात ते दिसत नाही, मग मी डोळे कधी मिटू? तुझंच बोलणं तुला दिलं. तर तू हसायला लागलास. म्हणालास, आता सगळं टीव्हीवर दिसतं, डॉक्टरनेच सांगितलंय, आत काय चाललंय ते मोठं होऊन पडद्यावर येतं. मी येतो, त्यांना सांगतो मला आत घ्या, मी बघतो नीट करतात की नाय. मी म्हटलं, तुला कोण आत घेणार, मासळीचा वास घेऊन? त्यावर आपण बराच वेळ भांडलो. जाताना तू दारातून म्हणालास, तारीख घे, मी बाकावर तरी बसतोच.

तारीख घेतली. कळवायला येणार होतो तर तुझीच बातमी आली. किनाऱ्यावर जाळं विणत बसला होतास, छातीत कळ आली म्हणालास, आणि लोक उचलून आणेपर्यंत संपलं होतं. तुझ्या दुखण्याने कोणाला वेळच दिला नाही रे. ती तारीख मी सुतक आहे म्हणून पुढे ढकलली. खरं म्हणजे मला बरं वाटलं ढकलायला. मग बारावं आलं, तेरावं आलं, मी आणखी एक कारण शोधत होतो. डॉक्टर म्हणतो नळी अशी ठेवून चालणार नाही, ताप यायला लागलाय, आत पिकेल. हिरा दुपारी पिशवी रिकामी करताना माझ्याकडे बघते. तिचा भाऊ गेलाय, आता नवराही जाईल की काय हे तिच्या डोळ्यांत दिसतं. मी नजर चुकवतो.

रात्री झोप येत नाही. डोळा लागला की पाण्याचा आवाज येतो, बादलीत पडतोय तसा. मला माहीत आहे ते धुण्याचं पाणी आहे, तूच सांगितलंस. तरी मी उठून बसतो. त्या म्हाताऱ्याच्या पट्टीची घडी दिसते. मग तुझी आठवण येते आणि राग येतो तुझा. मला बाकावर बसतो म्हणाला होतास आणि आधी निघून गेलास.

आज सकाळी हिराने कपड्यांची पिशवी भरली. निघायच्या आधी तुमच्या दारावरून गेलो. लक्षी अजून कुठे बाहेर पडत नाही. ती उंबऱ्याच्या आत उभी होती. मला बघून आत गेली, पेटी उघडल्याचा आवाज आला. पट्टी घेऊन आली. घडी तीच, कापड आता पिवळट झालंय, हिराने लावलेल्या हळदीचा डाग अजून आहे. माझ्या हातात द्यायच्या आधी तिने ती जरा वेळ आपल्या छातीशी धरली. मला तिच्याकडे बघवेना.

"परत आणून द्या," ती म्हणाली. मग पट्टी माझ्या हातात ठेवून म्हणाली, "तुमच्याच हातानं."

मी हो म्हटलं. पट्टी पिशवीत ठेवली, सगळ्यात वर.

हरेश्वर, त्या दिवशी बोटीवर तू मला एक गोष्ट सांगितली होतीस आणि मी तिचं उत्तर दिलं नव्हतं. पाणी पी म्हटलं होतं. आज उत्तर देतो. मलापण भ्या वाटत होतं. तेव्हाही, आताही. तुझा हात मी सोडवून घेतला नाही तो त्यासाठीच.

पोरगा रिक्षा घेऊन आलाय, हिरा हाका मारतेय. मी तांब्याभर पाणी प्यायलोय. येतो.